बांधावरून : रानात जाणाऱ्या पोरांना पाच प्रश्न



संगमनेरच्या पूर्वेकडील एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र पिकाचे नाही, कीड-रोगाचेही नाही. त्या लिहितात, "थोरला मुलगा बावीस वर्षांचा आहे. गावातले सहा मित्र मिळून कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत आठ दिवस डोंगरातून पायी जाणार, तिथेच राहणार, तिथेच रांधून खाणार म्हणतात. मालक म्हणतात, घरचं रान सोडून दुसरीकडचं रान तुडवायला कशाला जायचं? मुलगा ऐकत नाही. मला रात्री झोप लागत नाही. साहेब, पाठवावं की नाही, तेवढं सांगा."

ताई, 'पाठवा' असेही मी लिहीत नाही आणि 'पाठवू नका' असेही लिहीत नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरायचे की नाही, हे आपण कसे ठरवतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे चांगले, नाहीतर बाजूला. दाणा दिसायला कितीही टपोरा असो, निकाल उगवणीवर. पोरांच्या सहलीचेही तसेच करा. उत्साह किती आहे ते बघू नका, तयारी किती आहे ते बघा. त्यासाठी पाच प्रश्न देतो. सहाही जणांना एका संध्याकाळी ओट्यावर बसवा, चहा द्या आणि एकेक प्रश्न विचारा. उत्तरे नीट आली तर खुशाल पाठवा. "बघू, तिथं गेल्यावर ठरवू" अशी आली तर महिनाभर थांबवा. डोंगर कुठे पळून जात नाही.

पण त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. शेतकऱ्याची पोरे म्हणतात, "आम्हाला रान काय नवं? आम्ही रानातच वाढलो." खरे आहे, पण अर्धेच. आपले रान म्हणजे आपली विहीर, आपला बांध, हाकेच्या अंतरावर चुलत्याची वस्ती. अंधारातही पाय आपोआप घराकडे वळतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर यातले काहीच नसते. तिथे वाट गवतात बुडालेली असते, पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि हाक दरीत विरून जाते. शहरातला मुलगा निदान घाबरून तयारी करतो. आपला मुलगा 'मला येतं' म्हणून तयारीच करत नाही. धोका तिथे आहे.

आता मालकांच्या म्हणण्याबद्दल. घरचे रान सोडून तिकडे कशाला, असे ते विचारतात. त्यांना सांगा, ते रान दुसऱ्याचे नाही. प्रवरा उगम पावते ती रतनगडाच्या डोंगरात. मुळा निघते ती रतनगड ते हरिश्चंद्रगड या डोंगररांगेतून. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांवर खालची गावे पिकत आली. पाटाच्या आवर्तनासाठी आपण भांडतो, पण ते पाणी जिथे पडते, जिथून वाहते, तो मुलूख आपल्यापैकी किती जणांनी पायाखाली घातला आहे? पोराने तो बघितला तर पाण्याचा थेंब कुठून येतो हे त्याला कळेल. म्हणून जाण्याला मी नावे ठेवणार नाही. जायचे मात्र नीट.

प्रश्न पहिला : दिवस कोणते धरले, आणि मागे काम कोण बघणार?

पावसाळ्यात या डोंगरावर धुके, निसरडे कडे आणि फुगलेले ओढे असतात. नवख्यांनी तेव्हा जाऊ नये. फाल्गुनानंतर टाकी आटतात आणि ऊन भाजून काढते. मार्गशीर्ष-पौष हा काळ उत्तम. हवा थंड, वाटा कोरड्या, पाणीही बऱ्यापैकी शिल्लक. त्यातही शुद्ध पक्षाचे दिवस धरावेत, संध्याकाळी चांदणे मिळते.

पण याच काळात शेतात गहू उभा असतो. समजा पेरणी १५ नोव्हेंबरला झाली. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. तेव्हाचे पाणी चुकवायचे नाही, म्हणजे ते साधारण ५ डिसेंबरला देऊन झाले पाहिजे. दुसरे महत्त्वाचे पाणी ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस. या दोन पाण्यांच्या मधे पंधरा-वीस दिवसांची फट आहे. सहल तिथे बसवावी. प्रत्येकाने आपापल्या पिकाचा असा हिशेब मांडावा. गाईची धार कोण काढणार, वैरण कोण आणणार, रात्रीची वीज आली तर मोटर कोण चालू करणार, हे नावानिशी ठरवावे. आईच्या डोक्यावर सगळे टाकून निघालेला मुलगा तयार झाला असे मी म्हणणार नाही. मित्रांनी एकमेकांच्या घरची कामे आधीच ओढून द्यावीत. सहलीची खरी सोबत तिथून सुरू होते.

प्रश्न दुसरा : वाट कुणी ठरवली, आणि वाट दाखवणार कोण?

'कळसूबाई ते हरिश्चंद्रगड' एवढे म्हणणे म्हणजे वाट नव्हे. रोजचा मुक्काम कागदावर पाहिजे. नमुन्यादाखल सांगतो. पहिल्या दिवशी बारी गावात पोचून मुक्काम. दुसऱ्या दिवशी कळसूबाई चढून उतरणे. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर, पण वाट रुळलेली आणि अवघड जागी लोखंडी शिड्या. तिसऱ्या दिवशी भंडारदऱ्यावरून वाहनाने रतनवाडी. तिथले अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर शांतपणे बघावे आणि पायांना विश्रांती द्यावी. चौथ्या दिवशी रतनगड बघून परत रतनवाडीत. पाचव्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. सहाव्या दिवशी पाचनई. सातव्या दिवशी हरिश्चंद्रगड आणि आठव्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून गाडी धरणे. यात घाई नाही, आणि मधे गावे लागत असल्याने अडचण आली तर बाहेर पडायला रस्ता आहे. अलंग-मदनच्या वाटेला नवख्यांनी जाऊच नये. तिथे दोर आणि जाणता माणूस लागतो.

कात्राबाईच्या खिंडीकडचे रान दाट आहे, वाटा फुटतात. तिथे गावातला वाटाड्या घ्यायलाच हवा. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात वावरलेली आहेत. त्यांची मजुरी आधी ठरवावी आणि घासाघीस न करता द्यावी. आपल्या मालाला भाव मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, मग दुसऱ्याच्या जाणकारीचा भाव पाडू नये. मोबाईलमधला नकाशा जवळ असावा, पण दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. नकाशा कागदावर उतरवून घ्यावा.

हा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. प्रवेशाची नोंद, मुक्काम कुठे करू देतात आणि कुठे नाही, हे वनखात्याच्या माणसांना विचारूनच पुढे जावे. रानात विस्तव पेटवणे हा तिथे गुन्हा आहे, आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी किती एकर खाते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शेकोटीचा हट्ट धरणारा मित्र असेल तर त्याला घरीच शेकू द्यावे.

प्रश्न तिसरा : पाणी कुठे आहे?

हा प्रश्न मी सर्वात मोठा मानतो. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो म्हणून पुढे पाणीच पाणी असेल असे वाटते. पण काळ्या पाषाणाचा उभा डोंगर पाणी धरून ठेवत नाही. ते ओढ्यांवाटे निघून जाते. मागे राहतात ती कातळात खोदलेली टाकी आणि मोजके झरे. कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे, हे आदल्या मुक्कामाच्या गावात विचारावे. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. एखाद्या वर्षी पाऊस लवकर गेला तर पौषातच टाके तळाला जाते.

हिशेब असा : चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी मिळून दिवसाला किमान चार लिटर पाणी लागते. सहा जणांचे चोवीस लिटर झाले. सकाळी निघताना प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर असावे. त्यातले एक लिटर राखीव. पुढचे पाणी डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कितीही टंचाई आली तरी आपण बियाण्याचे धान्य दळून खात नाही, तसेच हे. टाक्यातले पाणी कापडातून गाळून, चांगले उकळून किंवा क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास ठेवून मगच प्यावे. डोंगरात हगवण लागली तर धट्टाकट्टा गडीही दिवसभरात आडवा होतो. तसे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये.

प्रश्न चौथा : पाठीवर किती ओझे, आणि खायचे काय?

आपली पोरे पन्नास किलोचे पोते उचलतात. म्हणून सामानाचा विचारच करत नाहीत. पण पोते उचलून वीस पावलांवर ट्रॉलीत टाकणे वेगळे आणि पंधरा किलो घेऊन सहा तास चढणे वेगळे. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. साठ किलोच्या गड्याला पंधरा किलो ही कमाल मर्यादा.

आता मांडा. माणशी दिवसाला तांदूळ आणि पीठ मिळून ४०० ग्रॅम, डाळ १००, शेंगदाणे-गूळ १०० आणि तेल-मसाला ५० ग्रॅम धरा. एकूण ६५० ग्रॅम. आठ दिवसांचा शिधा माणशी पाच किलो २०० ग्रॅम होतो. त्यात पाणी तीन किलो, अंथरूण-पांघरूण तीन किलो, कपडे दोन किलो आणि भांडी, तंबू, छोटी गॅसशेगडी यांचा वाटा अडीच किलो. बेरीज साडेपंधराच्या वर गेली. मग उपाय काय? वाटेतल्या गावांत आधी निरोप दिला तर घरगुती जेवण मिळते. तीन दिवसांचे जेवण असे ठरवले, तर शिधा पाच दिवसांचाच न्यावा लागतो. तो माणशी सव्वातीन किलो. ओझे पावणेचौदा किलोवर आले. शिवाय त्या माउलीला चार पैसे मिळतात आणि आपल्याला गरम भाकरी. असा कागदावर हिशेब करणारी पोरे मला आवडतात.

ताई, इथे तुमची मदत लागेल. भाकरी दोन दिवसांत वाळते, पण दुधात मळलेल्या दशम्या पहिले दोन-तीन दिवस छान जातात. सोबत लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजक्या डाळीचे पीठ, शेंगदाण्याचे लाडू द्या. खिचडीचे तांदूळ, डाळ, मीठ-मसाला एका वेळेला पुरेल एवढे मोजून वेगवेगळ्या पुड्यांत बांधा. अंधारात, थंडीत मापे शोधावी लागत नाहीत. रिकाम्या पिशव्या मात्र परत घरी आणायला सांगा. आपल्या बांधावर प्लॅस्टिक उडालेले आपल्याला चालत नाही, मग गडावर का चालावे?

अंगावर घ्यायला घोंगडी किंवा जाड रग, खाली अंथरायला ताडपत्री, कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे हवेत. डिसेंबरात घाटमाथ्यावर रात्री हाडे गोठतात. बूट नवे नकोत. नवा बूट म्हणजे नवा बैल, पहिल्याच दिवशी लांबच्या गाडीला जुंपू नये. महिनाभर आधी बूट घ्यावेत आणि ओळीने चार रविवार भरलेली पिशवी पाठीवर टाकून गावाजवळच्या टेकडीवर सहाही जणांनी चढ-उतार करावा. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला दम लागतो, कोण चिडतो, हे तिथेच कळते. ही खरी उगवण चाचणी.

प्रश्न पाचवा : काही बिघडले तर?

हा प्रश्न विचारताच पोरे हसतील. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू देऊ नका.

साप चावला तर मांत्रिक नाही, ब्लेडने कापणे नाही, चोखणे नाही, करकचून बांधणे नाही. धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये आणि माणसाला उचलून लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ ला फोन करावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस असते, पण ती दवाखान्यातच मिळते. म्हणून प्रत्येक मुक्कामापासून गाडीचा रस्ता किती लांब आणि लस कुठे मिळते, हे आधी विचारून लिहून ठेवावे. विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे कितीतरी रोगी वाचतात हे दाखवून दिले. औषध आहे, वेळेवर पोचणे आपल्या हाती. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही, दगडाखाली हात घालायचा नाही.

कड्याकपारीला आग्या मोहोळ असते. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे वर्ज्य. माशा उठल्याच तर तोंड-डोके झाकून तिथून लांब पळावे, हातवारे करत उभे राहू नये. कोकणकड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहायचे नाही. धरणात पोहायचे नाही. दारू घेऊन येणारा मित्र असेल तर तो पाच जणांचा जीव टांगणीला लावतो. त्याला सोबत घेऊ नये.

आता सर्वात महत्त्वाचे. सहा जणांनी निघण्यापूर्वी एक म्होरक्या निवडावा आणि तीन गोष्टींवर सर्वांनी शब्द द्यावा. पहिली, चाल सर्वात मंद गड्याची राहील आणि तो मधे चालेल, मागे नाही. दुसरी, सकाळी उजाडताच निघायचे आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामाला टेकायचे. तिसरी, कुणा एकानेही 'मला जमत नाही, परत फिरू' म्हटले तर त्याची टिंगल न करता विचार करायचा, आणि म्होरक्याने 'फिरू' म्हटले की सर्वांनी फिरायचे. अर्ध्या वाटेवरून परत येणे ही नामुष्की नव्हे. दुबार पेरणी करणाऱ्याला आपण हसत नाही. हट्टाने करपलेले पीक राखत बसणाऱ्याला हसतो.

घरी एक कागद ठेवावा. त्यावर सहाही जणांची नावे, फोन, रक्तगट, कुणाला दमा किंवा फिट येते का, रोजचा मुक्काम, वाटाड्याचा फोन आणि परतीचा दिवस लिहावा. शेवटी ही ओळ असावी : 'नवव्या दिवशी दुपारी बारापर्यंत आमचा निरोप आला नाही, तर वनखात्याला आणि पोलिसांना कळवा.' अशी वेळ लिहून ठेवली म्हणजे त्याआधी घरच्यांना उगीच घोर लागत नाही आणि त्यानंतर उगीच वेळही जात नाही. हा कागद सहा घरांत सहा ठिकाणी चिकटवावा.

आजकाल गावातल्या मुलीही अशा सहलींना निघतात. त्यांनाही हेच पाच प्रश्न आणि हीच उत्तरे. मुलगी म्हणून प्रश्न वाढवू नयेत आणि मुलगा म्हणून कमी करू नयेत.

खर्चाचे शेवटी सांगतो. सर्वांनी सारखी वर्गणी काढावी, एकाने वही ठेवावी आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी हिशेब मिटवावा. रानात टिकलेली मैत्री पन्नास रुपयांवरून मोडलेली बघायला वाईट वाटते. बूट धुऊन, तंबू उन्हात वाळवून, शेगडी पुसून ठेवावी. पुढच्या वर्षी धाकटे निघतील तेव्हा त्यांना उपयोगी पडेल. आणि संध्याकाळी पारावर बसून वाटेत कोणते पाणी कुठे होते, कुणाच्या घरी जेवलो, कोणती वाट चुकता चुकता राहिली, हे चारचौघांना सांगावे.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगासाठी जमिनीची मशागत आणि बीजप्रक्रिया. गव्हाचे दुसरे पाणी तेवढे चुकवू नका.

रामराम.